श्री गाडगे महाराज मिशन : पाऊणशे वर्षांची वाटचाल

८ फेब्रुवारी १९५२ रोजी स्थापन झालेल्या श्री गाडगे महाराज मिशनने यंदा पंचाहत्तराव्या वर्षात पदार्पण केले. योग असा की, ज्यांच्या प्रेरणेने ही संस्था उभी राहिली त्या संत गाडगेबाबांच्या जन्मालाही याच फेब्रुवारीच्या २३ तारखेला दीडशे वर्षे पूर्ण झाली. बाबांचे काम मात्र मिशनच्या नोंदणीच्या आधी जवळजवळ अर्धे शतक सुरू होते. त्यामुळे मिशनचा इतिहास सांगायचा तर सुरुवात १९५२ पासून करून चालत नाही. ती वऱ्हाडातल्या पूर्णा नदीच्या काठापासूनच करावी लागते.

१९०५ ते १९१६ : ऋणमोचनचा घाट

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, परिटाच्या घरातला. वडील दारूपायी अकाली गेले. आई सखूबाई लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरीला माहेरी आल्या. मामाची गुरे राखण्यात आणि शेत कसण्यात डेबूजींचे बालपण आणि तारुण्य गेले. सावकाराच्या कागदावर न वाचता अंगठा उठवला की काय होते, हे त्यांनी मामाच्या घरातच पाहिले. पुढे प्रत्येक कीर्तनात ते कर्जाविरुद्ध आणि अक्षरशत्रुत्वाविरुद्ध पोटतिडकीने बोलत. त्या बोलण्यामागे हा अनुभव होता. मुलीच्या बारशाला भाऊबंदांच्या रिवाजाप्रमाणे बकरे आणि दारू न देता त्यांनी गोडाधोडाचे जेवण घातले. भावकी रागावली, पण डेबूजी बधले नाहीत.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांची गोधडी, डोक्यावर खापर, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, एका हातात गाडगे आणि दुसऱ्यात खराटा. लोकांनी कुठे गोधडेमहाराज म्हटले, कुठे गाडगेबाबा. शेवटचे नाव टिकले.

पौष महिन्यातल्या रविवारी ऋणमोचनला मुद्गलेश्वराची यात्रा भरते. पूर्णेचा काठ चिखलाचा आणि निसरडा. स्नानाला उतरणाऱ्या बायाबापड्या, म्हातारीकोतारी माणसे घसरून पडत. बाबांनी कोणाला न विचारता घमेले उचलले आणि काठावर माती टाकायला सुरुवात केली. बघणाऱ्यांपैकी काही हसले, काही पुढे झाले. वर्षभराने माणसे वाढली, दगड आले, चुना आला आणि १९०८ साली तिथे पक्का घाट झाला. बाबांच्या पुढच्या सगळ्या कामांची रीत इथेच पडली. आधी स्वतः हात घालायचा, मागून लोक येऊ द्यायचे, पैसा गावातल्या पंचांच्या हाती ठेवायचा आणि काम उभे राहिले की पुढच्या गावाची वाट धरायची. मिशनचे विश्वस्त आजही कोणत्याही नव्या कामाच्या चर्चेत ऋणमोचनचा दाखला देतात, तो यासाठीच.

१९१७ ते १९२९ : पंढरपूरची धर्मशाळा

आषाढी-कार्तिकीला लाखांनी माणूस पंढरपुरात येई. ऐपतदारांना मठ होते, वाडे होते, उतरायला ओळखीचे उंबरे होते. गोरगरीब वारकरी चंद्रभागेच्या वाळवंटात, पावसात भिजत रात्र काढी. पटकीची साथ आली की पहिला घाला त्यांच्यावर पडे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांचे हाल तर आणखी होते. विठ्ठलाच्या दारी त्यांना मज्जाव होता आणि गावात कोणी ओसरीवरही टेकू देत नसे.

त्यांच्यासाठी बाबांनी १९१७ मध्ये पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली. विठ्ठलमंदिर सर्वांसाठी खुले झाले ते साने गुरुजींच्या १९४७ च्या उपोषणानंतर. म्हणजे देवाचे दार उघडण्याच्या तीस वर्षे आधी या वारकऱ्यांना पंढरीत हक्काचे छप्पर मिळाले होते. ज्यांच्या पायाला पंढरीची वाट ठाऊक होती पण मुक्कामाचे ठिकाण नव्हते, त्यांच्या दृष्टीने ही इमारत काय असेल, याची कल्पना आज करणेही कठीण आहे. चोखामेळा धर्मशाळेपाठोपाठ पंढरपुरात आणखी धर्मशाळाही झाल्या.

याच काळात मूर्तिजापूरला गोरक्षण आणि धर्मशाळा झाली. पैसा उभा राहिला तो कीर्तनातून. बाबा गावात शिरले की आधी रस्ते झाडत. दिवसभर गाव झाडून झाले की रात्री कीर्तन. कीर्तनात पोथी नसे, प्रश्न असत. वऱ्हाडी बोलीत ते समोरच्या शेतकऱ्याला विचारत, तोच उत्तर देई आणि उत्तर देता देता स्वतःच ओशाळा होई. नवसाची कोंबडी-बकरी, दारू, हुंडा, कर्ज काढून केलेली लग्ने आणि तेरावे हे त्यांचे ठरलेले विषय. दुसऱ्या दिवशी देणगी द्यायला माणसे आली की बाबा पैशाला हात लावत नसत. गावातल्या जबाबदार माणसाकडे बोट दाखवत आणि पावती घ्यायला सांगत.

मे १९२३ मध्ये बाबा कोकणात खारेपाटणला असताना त्यांचा मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली. बाबांनी कीर्तन थांबवले नाही. बाबांच्या पत्नी कुंताबाई आणि मुले ऋणमोचनला झोपडीत राहत होती, धर्मशाळांच्या पक्क्या खोल्यांत नव्हे. त्या कुटुंबाने सोसले म्हणून हे काम झाले, हे या स्मरणिकेत कृतज्ञतेने नोंदवणे आमचे कर्तव्य आहे.

१९३० चे दशक : तीर्थक्षेत्री निवारा

या दशकात कामाचा पसारा तीर्थक्षेत्रांवर वाढला. नाशिकला गोदाकाठी मोठी धर्मशाळा झाली. देहू, आळंदी, त्र्यंबकेश्वर येथेही यात्रेकरूंची सोय झाली. धर्मशाळा म्हणजे नुसत्या चार भिंती, अशी बाबांची समजूत नव्हती. उतरणाऱ्याला स्वयंपाकाची भांडी मिळावीत, पाणी मिळावे, अंगण झाडलेले असावे, संडास स्वच्छ असावेत आणि मुक्काम हलवताना त्याने आपली जागा स्वतः झाडून जावे, असा दंडक त्यांनी घातला. धर्मशाळेत येणाऱ्याची जात विचारायची नाही, हा दंडक त्याहून मोठा.

अन्नदानाचे कामही याच सुमारास नियमित झाले. आंधळे, पांगळे, महारोगी यांना यात्रेच्या ठिकाणी पंगतीला बसवून जेवू घालायचे, कपडे आणि घोंगड्या वाटायच्या. बाबा स्वतः त्या पंगतीत वाढत आणि शेवटी उष्ट्या पत्रावळी उचलत. पंगतीतल्या कोणाच्या हाताला बोटे नसत. अशा माणसापुढे वाढलेल्या भाकरीचा घास मोडून द्यावा लागे. बाबांबरोबरचे कार्यकर्ते हे काम शिकले ते पाहून पाहून. भाषणाची गरज पडली नाही.

या कामात माणसे जोडली गेली ती सर्व थरांतली. पंढरपूरचे तनपुरे महाराज आणि कैकाडी महाराज यांनी बाबांचा वारसा पुढे चालवला. शेतकरी होते, हमाल होते, मिलमजूर होते, व्यापारी आणि सरकारी अंमलदारही होते. बांधकामावर फुकट राबणारे गवंडी आणि वाहतुकीला बैलगाड्या देणारे गावकरी यांची नावे कुठल्याच दगडावर नाहीत. बाबांना दगडावरची नावे आवडतही नसत.

१९४० चे दशक : वह्या, पुस्तके, वसतिगृहे

स्वातंत्र्याच्या आसपासच्या वर्षांत बाबांचा भर शिक्षणाकडे अधिकाधिक झुकला. भाकरी हातावर घेऊन खा, बायकोला कमी भावाचे लुगडे घ्या, पण पोराला शाळेत घातल्याशिवाय राहू नका, असा त्यांच्या कीर्तनांचा सूर झाला. मुलांच्या वसतिगृहांना आणि शाळांना त्यांनी मदत मिळवून दिली.

कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेशी त्यांचे घरोब्याचे नाते होते. बाबांनी दाते रयतकडे वळवले. भाऊरावांच्या संस्थेचे सरकारी अनुदान थांबले तेव्हा बाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला, अशी आठवण रयतच्या परिवारात सांगितली जाते. खेर हे बाबांच्या कार्याचे चाहते होते. पुढे १९५४ मध्ये कऱ्हाडला रयतने सुरू केलेल्या महाविद्यालयाला सद्‌गुरू गाडगे महाराज यांचे नाव देण्यात आले. कधी शाळेत न गेलेल्या माणसाच्या नावाचे ते महाविद्यालय.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविषयी बाबांना अपार आदर होता आणि डॉक्टरसाहेबही बाबांना फार मानत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. ज्यांच्या पूर्वजांसाठी ती बांधली, त्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी ती वापरली जावी, हा त्यामागचा विचार. स्वतः उभारलेली मालमत्ता दुसऱ्या संस्थेच्या हाती इतक्या सहजतेने देणे आजच्या संस्थाचालकांना अवघड वाटेल. बाबांना ती गोष्ट स्वाभाविक वाटली, कारण ती आपली मालमत्ता आहे असे त्यांनी कधी मानलेच नव्हते.

१९५० चे दशक : मिशनची स्थापना आणि बाबांचे निर्वाण

गावोगावच्या धर्मशाळा, गोरक्षणे, सदावर्ते यांचे कारभार वेगवेगळ्या पंचमंडळींकडे होते. बाबांचे वय पंचाहत्तरीकडे आले. प्रकृती साथ देईनाशी झाली. मालमत्तेला एक छत्र हवे, हिशेबाला एक शिस्त हवी आणि बाबांच्या मागे हे सगळे कोणाच्या खाजगी हाती जाऊ नये, अशी निकड कार्यकर्त्यांना वाटू लागली. त्यातून ८ फेब्रुवारी १९५२ रोजी मिशन स्थापन झाले. आपल्या वारसांचा या मालमत्तेवर कसलाही हक्क राहणार नाही, ही अट बाबांनी आधीपासूनच आग्रहाने घातली होती. मिशनने ती पायाभूत मानली. त्याच वर्षी प्रबोधनकार ठाकरे यांचे बाबांवरील चरित्र प्रसिद्ध झाले आणि बाबांचे नाव शिकलेल्या वर्गाच्या घराघरांत गेले. गो. नी. दांडेकर हेही बाबांच्या सहवासात राहिलेले. त्यांनीही पुढे बाबांचे चरित्र लिहिले.

१९५४ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. मिशनच्या कामाने इथे नवे वळण घेतले. आतापर्यंतच्या धर्मशाळा यात्रेकरूंच्या होत्या. बाबांच्या लक्षात आले की नव्या काळातला गरीब माणूस देवाच्या दारी जातो, त्याहून अधिक हतबल होऊन दवाखान्याच्या दारी जातो. रोगी आत खाटेवर असतो आणि त्याची बायको, आई, भाऊ बाहेर फूटपाथवर असतात. त्यांच्यासाठी कोणी काही बांधत नव्हते.

नोव्हेंबर १९५६ मध्ये वांद्र्याच्या पोलीस वसाहतीत बाबांचे अखेरच्या दिवसांतले एक कीर्तन झाले. त्याचे ध्वनिमुद्रण झाल्यामुळे बाबांचा आवाज आज आपल्याला ऐकता येतो. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांनी देह ठेवला. अमरावतीला त्यांची समाधी झाली. त्या भागाला आज गाडगेनगर म्हणतात.

१९६० ते १९७९ : बाबांमागचे मिशन

बाबा गेल्यावर काम चालेल का, अशी शंका हितचिंतकांनाही होती. बाबांच्या एका कीर्तनाने जो पैसा जमे, तो आता दहा ठिकाणी पायपीट करून गोळा करावा लागत होता. या काळात विश्वस्त मंडळात मतभिन्नता झाली नाही असे नाही. कामाची दिशा, पैशाची तरतूद यांवर चर्चा झडल्या. मात्र एकही धर्मशाळा बंद पडू द्यायची नाही, या मुद्द्यावर सर्वांचे एकमत राहिले.

महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर खेडोपाडी शाळा निघू लागल्या. आदिवासी आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलांपर्यंत मात्र त्या सहजासहजी पोहोचत नव्हत्या. आईबाप कामासाठी फिरत, मुले त्यांच्यामागे फिरत. अशा मुलांसाठी राहण्या-जेवणासह शिक्षण देणाऱ्या आश्रमशाळा हा उपाय होता. शासन अनुदान देई, पण इमारत, धान्य, अंथरुणे आणि मुख्य म्हणजे पोरांना घरच्यासारखे सांभाळणारी माणसे संस्थेने उभी करायची असत. मिशनने हे आव्हान स्वीकारले. गावची बोली वेगळी, रस्ता नाही, वीज नाही, अशा ठिकाणी राहून शिकवणारे शिक्षक, स्वयंपाकी आणि शिपाई हेच या दोन दशकांतले मिशनचे खरे शिल्पकार.

१९७७ मध्ये राजदत्त यांच्या 'देवकीनंदन गोपाला' या चित्रपटातून बाबांचे जीवन पडद्यावर आले. ज्यांनी बाबांना पाहिले नव्हते अशा पिढीला त्यांची ओळख झाली.

१९८० ते १९९९ : दादरची धर्मशाळा

परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. देशभरातून कर्करोगाचे रुग्ण तिथे येऊ लागले. या आजाराचा उपचार चार दिवसांत आटपत नाही. रेडिएशन घ्यायचे तर आठवड्याचे पाच दिवस, काही आठवडे रोज जावे लागते. केमोथेरपीच्या दोन फेऱ्यांमध्ये दिवस जावे लागतात आणि गाडीभाडे परवडत नाही म्हणून गावी परतताही येत नाही. मुंबईत खोली भाड्याने घेण्याची ताकद शंभरातल्या फार थोड्यांची. बाकीचे रुग्णालयाबाहेर पदपथावर, फायली आणि रिपोर्टांच्या पिशव्या उशाशी घेऊन दिवस काढत.

मिशनची दादर येथील धर्मशाळा या रुग्णांसाठी आणि त्यांच्या सोबत्यांसाठी आहे. नाममात्र शुल्कात राहणे, जेवण आणि स्वच्छ जागा इथे मिळते. मराठवाड्यातला शेतमजूर आणि बिहारमधला हातगाडीवाला इथे शेजारी राहतात. भाषा वेगळी असली तरी कुठल्या खिडकीवर कोणता कागद दाखवायचा, कोणत्या फेरीनंतर केस जातात आणि मग पुन्हा कधी येतात, हे जुना रुग्ण नव्या रुग्णाला सांगतो. औषधोपचार रुग्णालय करते. त्या उपचाराला लागणारे दिवस माणसाला मुंबईत काढता यावेत, हे काम धर्मशाळा करते. जे. जे. जवळ बाबांनी जे ओळखले होते, त्याचाच हा विस्तार. मिशनच्या आजवरच्या कामात सर्वांत मोठे काम कोणते, असे विचारले तर आमचे उत्तर दादर हेच राहील.

२० डिसेंबर १९९८ रोजी, बाबांच्या पुण्यतिथीला, भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

२००० ते आजपर्यंत

२०००-०१ मध्ये ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. ग्रामपंचायतींनी स्पर्धेत उतरायचे, गाव झाडायचे, गटारे उपसायची, शौचालये बांधायची. बक्षिसाच्या रकमेपेक्षा कैक पटींनी मोलाचे काम गावांनी श्रमदानातून केले. केंद्र सरकारचा निर्मल ग्राम पुरस्कार त्यानंतर, २००३ मध्ये आला. हे अभियान शासनाचे, पण त्यातली रीत ऋणमोचनची होती. अमरावती विद्यापीठालाही बाबांचे नाव देण्यात आले.

आज मिशनच्या वतीने तीर्थक्षेत्री धर्मशाळा, रुग्णांसाठी निवास, आश्रमशाळा, शाळा व वसतिगृहे, गोरक्षण आणि अन्नदान अशी कामे चालतात. अमरावतीला समाधिस्थानी दर डिसेंबरमध्ये पुण्यतिथी महोत्सव होतो. त्यात अंध, अपंग आणि निराधारांची पंगत बसते, वस्त्रे आणि ब्लँकेट वाटली जातात. वलगावची निर्वाणभूमी आणि नागरवाडीचा आश्रम येथेही लोकांची वर्दळ असते. बाबांच्या शिकवणीचे दहा कलमांत सार काढलेला दशसूत्री संदेश मिशनच्या वास्तूंत लावलेला असतो. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी इथपासून दुःखी माणसाला हिंमत इथपर्यंतची ही दहा कामे. मिशनच्या अंदाजपत्रकाची शीर्षकेही याच कलमांवरून ठरावीत, असे जुने कार्यकर्ते गमतीने म्हणत. फारशी अतिशयोक्ती नव्हती ती.

पुढे

अडचणी आहेत. जुन्या दगडी इमारतींची डागडुजी खर्चिक झाली आहे. धर्मशाळांत जागा कमी आणि मागणारे जास्त, हे चित्र वर्षागणिक गडद होते आहे. कर्करोगाचे उपचार आता इतर शहरांतही होऊ लागले आहेत. तिथल्या रुग्णालयांच्या दारीही नातेवाइकांचे तेच हाल आहेत. तरुण कार्यकर्ते एखाद्या दिवसाच्या श्रमदानाला उत्साहाने येतात. वर्षानुवर्षे हिशेबाची वही, कोठार आणि रुग्णांची यादी सांभाळणारी माणसे मात्र मिळणे कठीण झाले आहे.

अमृतमहोत्सवी वर्षात वाचकांना एकच विनंती. देणगी द्यायची असेल तर जवळच्या धर्मशाळेच्या कार्यालयात द्या आणि पावती मागून घ्या. पैसा देणे जमत नसेल तर महिन्यातला एक दिवस द्या. आपल्या गावच्या रुग्णालयाबाहेर रात्र काढणाऱ्या नातेवाइकांसाठी तुम्हीच काही उभे केलेत, तर त्याला मिशनचे नाव देण्याचीही गरज नाही.